मूडबिद्रीची ताडपत्रे आणि सोलापूरचे शेठजी

१९४९ साली सोलापुरातून एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोमदेवसूरी या जैन पंडिताने इ. स. ९५९ मध्ये दक्षिणेत पुऱ्या केलेल्या ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूचा आणि त्यात दिसणाऱ्या तत्कालीन संस्कृतीचा तो सविस्तर अभ्यास होता. ग्रंथकर्ते कृष्णकांत हंदिकी हे आसामचे, गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ग्रंथमालेच्या दोन संपादकांपैकी आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापक. दुसरे, हिरालाल जैन, विदर्भात संस्कृत शिकवीत. पैसा होता सोलापूरच्या एका विरक्त गृहस्थाचा. आसामचा पंडित, दक्षिणेतले काव्य, कोल्हापूर-विदर्भाचे संपादक आणि गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजणाऱ्या गावातला प्रकाशक! या सर्वांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे टपालखाते.

आज याचे कोणास नवल वाटणार नाही. सोलापुरातल्या विद्यार्थ्याने सकाळी धाडलेला प्रश्न दुपारच्या आत टोकियोला पोहोचतो आणि त्याचे उत्तर चहा निवण्यापूर्वी परत येते. इंटरनेटने विद्वानांतले अंतर पुसून टाकले, हे आता इतक्या वेळा सांगून झाले आहे की ते पुन्हा सांगण्यात स्वारस्य नाही. मला विचारावयाचे आहे ते वेगळेच. अंतर पुसले, तशी कुलपेही निघाली काय? आणि कुलूप कोणी, कसे, कोणत्या हक्काने काढावयाचे? या प्रश्नाशी सोलापूरचा संबंध इंटरनेटच्या शंभर वर्षे आधी आलेला आहे. ती हकिकत सांगण्यासारखी आहे.

१

विक्रम संवत १९४०, म्हणजे इ. स. १८८३ च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जे. पी. हे संघ घेऊन दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या यात्रेस गेले. मूडबिद्रीचे वैभव दोन गोष्टींत: एक तेथील रत्नांच्या मूर्ती, आणि दुसरे सिद्धान्त-बसदीत जपून ठेवलेले ताडपत्रांवरील ग्रंथ. धवला, जयधवला आणि महाधवला या नावांनी प्रसिद्ध असलेले हे ग्रंथ दिगंबर जैनांच्या दृष्टीने सर्वांत प्राचीन शास्त्र. त्यांच्या पोथ्या अन्यत्र कोठेही उरल्या नव्हत्या. शेठजींचे लक्ष रत्नांपेक्षा पोथ्यांकडे अधिक गेले. पाने जीर्ण होत चालली होती. हे ग्रंथ आपण वाचता काय, असे त्यांनी तेथील मंडळींना विचारले. उत्तर मिळाले ते असे की, आम्ही यांचे दर्शन घेतो आणि त्यातच जन्माचे सार्थक मानतो. वाचू शकतील असे श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आहेत.

या उत्तराला हसू नये. ज्या मंडळींनी शेकडो वर्षे, राज्ये आली आणि गेली तरी, ती पाने वाळवीच्या आणि पावसाच्या तोंडून वाचविली, त्यांच्याजवळ भक्ती होती म्हणूनच पोथी उरली. परंतु दर्शन आणि स्वाध्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या ग्रंथाचे केवळ दर्शन घडते, तो ग्रंथ हळूहळू मूर्ती होतो.

नवल असे की, खुद्द या ग्रंथाचा जन्म ज्ञान लोपेल या भीतीतून झाला होता. परंपरा अशी सांगते की, गिरनारच्या चंद्रगुफेत राहणारे वृद्ध आचार्य धरसेन यांना आपल्याबरोबर आपली विद्याही संपेल अशी चिंता लागली. त्यांनी महिमा नगरीत जमलेल्या दक्षिणेकडील आचार्यांस एक पत्र पाठविले. त्या पत्राचे उत्तर म्हणून दोन बुद्धिमान साधू गिरनारास आले. तेच पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी गुरूपासून मिळालेली विद्या सूत्रबद्ध केली, ते ‘षट्खंडागम’. ही महिमा नगरी कोठली, याचा विचार करताना पुढे हिरालाल जैनांनी आपल्या सातारा जिल्ह्यातील महिमानगडाकडे बोट दाखविले. मग नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी त्या सूत्रांवर प्राकृत-संस्कृत मिश्र भाषेत बहात्तर हजार श्लोकप्रमाणाची टीका लिहिली, तीच धवला. एका पत्रातून जन्मलेले ज्ञान अखेर जुन्या कन्नड लिपीत, एकाच गावी, एकाच बसदीत येऊन थांबले होते.

२

माणिकचंदांनी मुंबईस परतल्यावर ज्यांना पत्र लिहिले ते सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे हे वडील. विमाने, जहाजे आणि मोटारी यांचा कारखाना उभारण्याची हिंमत बाळगणाऱ्या मुलाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. वडिलांचे फारसे नाही. कापसाच्या आणि सावकारीच्या व्यवहाराइतकीच त्यांना छापील अक्षराची ओढ होती. ‘जैन बोधक’ हे मासिक त्यांनी सोलापुरातूनच सुरू केले. माणिकचंदांचे पत्र आले आणि पुढल्याच वर्षी हिराचंद स्वतः मूडबिद्रीस गेले. ब्रह्मसूरी शास्त्र्यांना त्यांनी बरोबर घेतले. शास्त्र्यांनी ताडपत्र उघडून धवलेचे मंगलाचरण वाचून दाखविले. पूजेची पोथी पुन्हा एकदा बोलू लागली.

पण वाचन एका दिवसाचे आणि नक्कल अनेक वर्षांची. हिराचंद व्यापारी माणूस; मध्ये दहा-अकरा वर्षे अशीच गेली. १८९५ च्या सुमारास दोघा शेठजींनी पुन्हा उचल केली, वर्गणी जमविली, आणि १८९६ च्या आसपास ब्रह्मसूरी शास्त्री व मिरजेचे गजपती उपाध्याय यांच्याकडून नक्कल करण्यास आरंभ झाला. काम थोडे पुढे गेले तोच ब्रह्मसूरी वारले. गजपतींनी ते पुढे नेले. नागरीत एक आणि कन्नडात एक, अशा प्रती होत होत तिन्ही ग्रंथांचे काम संपावयास १९२२ साल उजाडले. म्हणजे सव्वीस वर्षे. एक पिढी नकलेत गेली.

आणि इतके करून प्रती होत्या कोठे? मूडबिद्रीतच. नक्कल करण्यास परवानगी होती. ती बाहेर नेण्यास नव्हती. जीर्ण ताडपत्रांशेजारी नवे कागद आले, आणि कुलूप होते तसेच राहिले.

३

येथून हकिकतीला वेगळे वळण लागते. नक्कल करीत असताना गजपती उपाध्यायांनी गुप्तपणे आपल्यासाठी एक कन्नड प्रतही तयार केली. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई शिकलेली होती आणि या कामात मोठा वाटा तिचा होता. चोरून केलेली ही प्रत घेऊन गजपती सोलापूरला आले आणि हिराचंद शेठजींनी ती विकत घ्यावी अशी त्यांनी विनंती केली.

क्षणभर त्या बैठकीची कल्पना करावी. ज्या ग्रंथासाठी हा गृहस्थ मूडबिद्रीपर्यंत गेला, ज्याच्या नकलेसाठी त्याने दारोदार वर्गणी मागितली, तो ग्रंथ त्याच्यासमोर आला आहे. पैशाची अडचण नाही. घ्यावयाचा म्हटले तर हात पुढे करण्याचाच अवकाश. हिराचंद शेठजींनी नकार दिला. अशा रीतीने आलेली प्रत ठेवून घेणे त्यांना उचित वाटले नाही. मुंबईहूनही तिला नकारच मिळाला.

शेठजींनी बरोबर केले काय? मला वाटते, त्यांच्या जागी राहून पाहिले तर दुसरे उत्तर संभवत नाही. मूडबिद्रीच्या पंचांनी दार उघडले ते त्यांच्या शब्दावर. तो शब्द मोडून पोथी घरात आणली असती, तर उद्या दुसऱ्या कोणत्या भांडाराने आपली पेटी कोणा शेठजीपुढे उघडली असती? ज्ञानाचा व्यवहारही अखेर विश्वासावर चालतो. आणि तरीही इतिहासाचा निकाल पाहावा तर तो शेठजींच्या बाजूने लागत नाही. ती नाकारलेली प्रत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी घेतली आणि तेथील मंदिरात ठेवली. उत्तरेत कन्नड कोण वाचणार? म्हणून तिची नागरी प्रत करविली. विजयचंद्रय्या वाचीत आणि सीताराम शास्त्री लिहीत. या सीताराम शास्त्र्यांनीही आपल्यापाशी एक प्रत राखून ठेवली! तिच्यावरून मग प्रती निघाल्या आणि अमरावती, कारंजा, आरा अशा गावोगावच्या भांडारांत पोहोचल्या. परवानगीने केलेली प्रत बसदीत राहिली. परवानगीवाचून केलेली देशभर फिरली. पुढे ग्रंथ छापला गेला तो या दुसऱ्या प्रतीच्या लेकी-नातींवरून.

ही विसंगती मनाला टोचते, आणि ती टोचली पाहिजे. गजपतींना चोर म्हणून मोकळे व्हावे, तर त्यांच्यावाचून धवला छापली गेली नसती. त्यांना ज्ञानाचे मुक्तिदाते म्हणून गौरवावे, तर ज्यांनी विश्वास टाकला त्यांच्याशी तो अन्याय होतो. प्रामाणिक माणसाला सन्मार्गाने ज्ञान मिळू नये आणि आडमार्गानेच मिळावे, अशी व्यवस्था जेथे असते तेथे दोष केवळ आडमार्गाने जाणाराचा नसतो, व्यवस्थेचाही असतो.

४

आडवाटेने आलेल्या प्रतीला राजरस्त्यावर आणले ते अमरावतीच्या एका प्राध्यापकाने. हिरालाल जैन त्या वेळी किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवीत. विदिशेचे शेठ लक्ष्मीचंद यांनी दिलेल्या देणगीतून ग्रंथोद्धाराचा फंड उभा राहिला आणि १९३९ साली षट्खंडागमाचा धवलेसह पहिला भाग अमरावतीहून छापून निघाला. पंडित फूलचंद्र शास्त्री, पंडित हिरालाल शास्त्री, कोल्हापूरचे उपाध्ये असे अनेकजण या कामात होते. एकूण सोळा भाग झाले. शेवटचे १९५९ पर्यंत चालले. वीस वर्षे!

विरोध झालाच. सिद्धान्तग्रंथ गृहस्थाने वाचावे की नाही, येथपासून वाद होता. त्याहून मोठी अडचण शास्त्रीय होती. संपादकांच्या हाती मूळ ताडपत्र नव्हते. त्यांच्यापुढे होती ती नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल: कन्नडातून नागरीत येताना चुकलेली अक्षरे, डोळा चुकून गळालेल्या ओळी. अशा सामग्रीवर ग्रंथ छापावा काय? संपादकांनी ठरविले की छापावा, पण काहीही लपवू नये. अमरावती, कारंजा आणि आरा येथील प्रती ताडून पाहाव्यात, पाठभेद खाली द्यावेत, आणि जेथे शंका असेल तेथे शंका म्हणूनच नोंदवावी.

यातली एक शंका पुढे फार गाजली. पहिल्या भागातील त्र्याण्णवाव्या सूत्रात मनुष्य-स्त्रियांच्या आध्यात्मिक अवस्थांची गणना आहे. टीकेच्या संदर्भावरून संपादकांना वाटले की येथे ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द गळालेला असावा. हातातल्या प्रतींत तो नव्हता. त्यांनी तळटीप दिली: येथे हा शब्द राहून गेलेला दिसतो. एवढ्याशा तळटिपेवर रान उठले. कारण प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हता. स्त्रीला पूर्ण संयमाची, आणि म्हणून मोक्षाची, वाट मोकळी आहे की नाही, या दिगंबर-श्वेतांबरांच्या जुन्या वादाला तो शब्द जाऊन भिडत होता. संपादकांनी आपल्या पदरचा शब्द शास्त्रात घुसडला, असा आरोप झाला.

आणि मग घडावयाचे ते घडले. छापलेले भाग मूडबिद्रीस पोहोचले. आपण जपलेली विद्या किती काळजीने हाताळली जात आहे, हे तेथील भट्टारकांनी आणि पंचांनी पाहिले, आणि ज्या दाराआड ताडपत्रे एवढा काळ होती ते दार त्यांनी आपण होऊन उघडले. १९४१ साली तिसरा भाग निघाला तोवर मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय झाली होती. त्र्याण्णवावे सूत्र काढून पाहिले. ताडपत्रावर ‘संजद’ होता.

या प्रसंगापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. संपादकांनी तो शब्द मुकाट्याने मजकुरात घातला असता तर ती लबाडी ठरली असती. प्रतीत नाही म्हणून मुकाट्याने सोडला असता तर ती चूक कायम झाली असती. त्यांनी शंका चारचौघांत मांडली, म्हणून तिचा निकाल लागू शकला. चोरीच्या प्रतीला प्रतिष्ठा आली ती या उघडेपणामुळे. आणि मूडबिद्रीची पेटी उघडली तीही कोणी फोडली म्हणून नव्हे, तर तिच्यातील वस्तूचा मान राखणारे लोक बाहेर आहेत हे दिसले म्हणून.

५

उघडलेल्या ग्रंथाला असे वाचक भेटतात की ज्यांची कल्पना उघडणारालाही नसते. धवलेत जागोजागी मोठमोठ्या संख्यांचा विचार आहे. पंडितांनी तो कर्मसिद्धान्ताचा भाग म्हणून वाचला असता. पण लखनौ विद्यापीठाचे अवधेश नारायण सिंह, हिंदू गणिताच्या इतिहासाचे बिभूतिभूषण दत्तांबरोबरचे सहलेखक, यांच्यापुढे हा ग्रंथ आला आणि १९४२ च्या चौथ्या भागात त्यांचा धवलेतील गणितावरचा निबंध छापला गेला. धवलेत ‘अर्धच्छेद’ नावाची कल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. बत्तिसाचे सोळा, आठ, चार, दोन, एक. म्हणून बत्तिसाचा अर्धच्छेद पाच. गणिताच्या विद्यार्थ्याला हे दोन या पायावरचे लॉगरिदम म्हणून ओळखता येईल. युरोपात लॉगरिदमची कोष्टके सतराव्या शतकात आली. हे गणित नवव्या शतकात लिहिलेले आणि मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर हजर होते. पण ज्यांना पोथी दिसत होती ते गणिती नव्हते आणि जे गणिती होते त्यांना पोथी दिसत नव्हती. आज संगणकात माहितीचे माप याच निम्मे-निम्मे करण्याच्या हिशेबाने घेतात, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा. पण तो गोड योगायोग आहे.

याच काळात सोलापुरात दुसरे काम उभे राहत होते. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना आपल्या धनाचा विनियोग करावयाचा होता. १९४० साली ते देशभर हिंडले आणि पैसा कशाला लावावा याविषयी त्यांनी विद्वानांची तोंडी व लेखी मते गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ येथे मंडळी जमवून विचार केला, आणि जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापून त्याला तीस हजार रुपये दिले. १९४४ मध्ये उरलेली सुमारे दोन लाखांची मालमत्ताही संघाच्या स्वाधीन केली. देणगी देणारे पुष्कळ असतात. आधी विचारून देणारे थोडे. या पैशातून जीवराज जैन ग्रंथमाला निघाली. विश्वरचना आणि गणित सांगणारी ‘तिलोयपण्णत्ति’ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९४३ व १९५१ मध्ये दोन भागांत आली. १९६३ मध्ये महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ लक्ष्मीचंद्र जैनांच्या हिंदी अनुवादासह आला. आणि १९७३ पासून षट्खंडागमाचे भाग सुधारून पुन्हा छापले गेले, तेही याच संघाकडून. ज्या सोलापुरात गजपतींच्या प्रतीला नकार मिळाला, त्याच सोलापुराने तो ग्रंथ ताठ मानेने, स्वतःच्या नावाने छापला. मध्ये, १९६५ साली, षट्खंडागमाच्या सूत्रांची एक आवृत्ती फलटणहून निघाली होती. तिच्या संपादिका सोलापूरच्या श्राविकाश्रमाच्या पंडिता सुमतीबाई शहा. त्र्याण्णवाव्या सूत्रावरचे वादळ ज्यांना आठवते त्यांना या एका नावाचे मोल वेगळे सांगावयास नको.

६

आता आपल्या काळाकडे येऊ. विद्वानांची नियतकालिके १६६५ साली सुरू झाली, ती छपाई आणि टपाल यांच्या आधारावर. तीनशे वर्षे ती पद्धत टिकली. १९९१ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने शोधनिबंध छापून येण्यापूर्वीच संगणकावर सर्वांसाठी ठेवण्याची सोय केली. तीच पुढे ‘अर्काइव्ह’ म्हणून प्रसिद्ध झाली. पूर्वी निबंधाची कच्ची प्रत मोठ्या विद्यापीठांतल्या ओळखीच्या माणसांना टपालाने जाई. सोलापूरच्या अध्यापकाला ती दोन वर्षांनी, नियतकालिक आले तर, दिसे. आता हार्वर्डला आणि सोलापूरला ती एकाच सकाळी दिसते.

सहकार्याचे प्रमाणही बदलले. १९१९ ते १९६६ या काळात पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती हस्तलिखिते गोळा करून, एकेका श्लोकाचे पाठभेद कागदावर मांडून. तीच संहिता पुढे क्योतोच्या मुनेओ तोकुनागांनी संगणकावर उतरविली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथांनी ती तपासून सुधारली; आज कोणीही तिच्यात हवा तो शब्द क्षणात शोधावा. २०१६ च्या फेब्रुवारीत गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर झाला, त्या निबंधावर हजाराहून अधिक नावे होती आणि त्यांत पुण्याच्या आयुकाची माणसे होती. त्याच कामाची एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हावयाची आहे. तिला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली. हंदिकी-उपाध्ये-जैन यांचे त्रिकूट आता हजारांचे झाले आहे.

पण मूडबिद्रीचा प्रश्न सुटला काय? निबंध लिहिणारा पैसे घेत नाही, तपासणारा विद्वान बहुधा फुकट तपासतो, संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकार करते. आणि तयार झालेला निबंध मोठ्या प्रकाशन कंपन्यांच्या कुलपात जातो. तो वाचावयाचा तर वर्गणी, आणि ती लहान कॉलेजांच्या आवाक्याबाहेरची. ताडपत्राचे निदान दर्शन घडत असे. येथे दर्शन म्हणजे निबंधाचे नाव आणि दहा ओळींचा सारांश! मग गजपती उपाध्याय आलेच. २०११ साली कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने ‘साय-हब’ सुरू केले आणि कोट्यवधी निबंध परवानगीवाचून जगापुढे मांडले. डिसेंबर २०२० मध्ये प्रकाशकांनी तिच्याविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयात दावा लावला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा हुकूम दिला. कितीतरी अभ्यासकांची त्या काळात हिराचंद शेठजींसारखी कोंडी झाली असेल. फरक इतकाच की, शेठजींनी नकार दिला तेव्हा त्यांच्या नोकरीचा, पदवीचा किंवा पदोन्नतीचा प्रश्न त्यावर अवलंबून नव्हता.

सरकारने यावर एक उपाय काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर झाली: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजारांवर सरकारी संस्था. विद्यार्थ्याला आडवाटेने जावे लागू नये, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि ही भांडाराच्या मालकाला वार्षिक दक्षिणा देऊन घेतलेली वाचनाची परवानगी आहे. कुलूप त्याचेच राहते. दुसरा उपाय म्हणून वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेऊन निबंध सर्वांस खुला करावयाची चाल पडली. ‘नेचर’ने २०२१ पासून अशा एका निबंधाला ९,५०० युरो आकार ठेवला. आपल्याकडच्या अध्यापकाने एवढी रक्कम आणावी कोठून?

आणि जेथे पैसे घेऊन छापावयाचे असते तेथे काहीही छापणारेही निघतात. २०१८ साली पुण्यातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने अनुदान आयोगाच्या यादीत शिरलेली हजारावर नियतकालिके तपासली. त्यांपैकी सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के निकृष्ट निघाली: पत्ते खोटे, संपादक नावापुरते, परीक्षण नाहीच. पूर्वी छापणे कठीण होते, म्हणून निदान दहा जणांचे डोळे मजकुरावरून फिरत. आता छापणे एका बोटाचे काम झाले आणि डोळे मात्र कमी पडू लागले. इंटरनेटने नक्कल करणाराचे श्रम शून्यावर आणले. ताडून पाहणाराचे श्रम होते तेवढेच आहेत.

७

म्हणून मला त्या १९३९ च्या तळटिपेकडे पुन्हा जावेसे वाटते. हिराचंद शेठजींजवळ सचोटी होती, पण ग्रंथ कुलपातच राहिला. गजपतींजवळ ग्रंथ होता, पण तो लपूनछपून हिंडला आणि हिंडताना त्यात चुका शिरल्या. दोघांचे अपुरे राहिलेले काम पुरे झाले ते अमरावतीस, जेथे ग्रंथही उघडा केला गेला आणि त्यातील शंकाही उघड्या ठेवल्या गेल्या. नुसता प्रसार पुरेसा नाही, नुसती सचोटीही पुरेशी नाही.

आजच्या संशोधकाला गजपती होण्याची गरज नाही, ही त्याच्यावर काळाची मोठी कृपा आहे. ग्रंथ त्याचा स्वतःचाच आहे. आपला निबंध, आपली मोजमापे आणि आपल्या चुकाही तो पहिल्या दिवसापासून सर्वांपुढे ठेवू शकतो. त्यासाठी कोणाचा विश्वासघात करावा लागत नाही. वाचकाने नुसता निबंध उतरवून घेऊन समाधान न मानता तो ताडून पाहावा, आणि जेथे शब्द गळाला असे वाटेल तेथे आपल्या नावानिशी तसे लिहावे. एवढे झाले तर पेट्यांचे राखणदारही, मूडबिद्रीच्या पंचांप्रमाणे, एक दिवस आपण होऊन दार उघडतील, अशी आशा करावयास जागा आहे.

षट्खंडागमाचे सोळाही भाग आज इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात. सव्वीस वर्षांची नक्कल, वीस वर्षांची छपाई, आणि त्याआधी अकराशे वर्षांची राखण आता एका तरुणाच्या हातातील फोनवर येऊन बसली आहे. तो पहिला भाग उघडील, तेव्हा त्याने त्र्याण्णवावे सूत्र अवश्य काढावे, आणि मजकूर वाचून झाल्यावर खालची बारीक अक्षरांतली ओळही वाचावी.